खेळात मोडता घालू नये

सोमवार, ६ मे
आले एकदाची. किनाऱ्यालगतचं लाकडी खेळघर, मागे काळी वाळू, लाटांनी आणून टाकलेले ओंडके. नायरीने दारातच फीजोआच्या हिरव्या फळांची पिशवी हातात कोंबली. आधी खा, मग मुलं बघ, म्हणाली.

खेळघर मुलांचे पालकच चालवतात. नायरी त्यांची म्होरकी. मी पहिलीच पगारी बाई. इथे नियम एकच. मूल खेळत असताना मोठ्या माणसाने बुटक्या स्टुलावर बसायचं, बघायचं, दिसेल ते टिपायचं. विचारायचं नाही, शिकवायचं नाही, मोडता घालायचा नाही. घंटेवर पळणाऱ्या शाळेतून आलेल्या मला हे सुखच वाटलं.

बुधवार, ८ मे
केइता चार वर्षांची, आजीजवळ राहते. आजीला सगळं गाव नॅन म्हणतं. आज केइताने पिवळ्या रेनकोटाची बटणं स्वतः लावली. तिसरं सारखं निसटत होतं. जीभ बाहेर काढून ती त्याच्याशी झगडली. माझा हात पुढे जात होता, मी तो मांडीखाली दाबून धरला. बटण लागलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. याचसाठी मी इथे आले.

अंगणात मुलं ओंडक्यांची खोपटी बांधताहेत.

मंगळवार, १४ मे
खोपटी झाली. मोठं माणूस रांगत आत जाऊ शकेल एवढी. केइता आत बसून कोपऱ्यातल्या कुणाला तरी बटणं लावायला शिकवते. असं बघ गं येडे, आधी भोकात बोट घाल. मग गप्प बसते, वाट बघते. हुबेहूब माझ्यासारखी.

मनातली मैत्रीण, असं मी आनंदाने टिपून ठेवलं. नायरी म्हणाली, तिच्या लहानपणीही खोपटीत कुणीतरी असायचंच. मुलांना विचारू नकोस, विचारलं की खेळ मरतो.

मंगळवार, २१ मे
केइताला बटणं लावता येत नाहीत. पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी ती कोटाकडे बघत राहिली. गेटवर नॅनने मला टोमणा मारला. शिकायला पाठवते तुमच्याकडे, पोरगी उलटी शिकून येते. हसत म्हणाली. डोळे हसत नव्हते.

गुरुवार, २३ मे
काल केइता खोपटीत पेला कसा धरायचा ते शिकवत होती. आज दूध तिच्या हातातून सांडलं. दोनदा.

मी वाकून खोपटीत पाहिलं. आत केइताचा पिवळा कोट होता. भिंतीला टेकलेला नव्हता. त्याच्या आत उभं राहण्याइतकं काहीतरी होतं. बटणं नीट लागलेली. तिसरं मात्र सावकाश सुटत होतं आणि पुन्हा लागत होतं.

सोमवार, २७ मे
नायरीला सांगितलं. शहरातली बाई, वाऱ्याला घाबरलीस, म्हणून हसली. मी ओंडका उचलला तेव्हा मात्र आडवी आली. मुलांनी बांधलेलं मोठ्यांनी पाडायचं नाही, आजवर कुणी पाडलेलं नाही.

मग मी नॅनला गाठलं. केइताला उद्या घरी ठेव. तिने ऐकलं.

मंगळवार, २८ मे
खोपटीतून केइता गाते आहे.

नॅनला फोन केला. पोरगी सकाळपासून एक शब्द बोललेली नाही, म्हणाली. मी फोन खोपटीकडे धरला. मग तिने विचारलं — अगं, ही माझ्या मांडीवर आहे, मग तिकडे कोण गातंय?

घरी ठेवून उपयोग नाही. खोपटीतलं ते शिकतच राहतं, आणि ते शिकलं की तिच्याकडून जातं.

बुधवार, २९ मे. सकाळ
नॅन केइताला घेऊन अंगणात उभी. केइता स्वतःच्या नावालाही वळत नाही. खोपटीतून तिच्या आवाजात हाक आली. नॅन, चल ना घरी, पाय दुखले माझे. नॅनचं पाऊल पुढे पडलं. मी तिची बाही धरली.

नायरीनेही ऐकलं. ती हसली नाही.

आम्ही सगळे नुसते बघत बसलो. खोपटीतलं ते सगळं शिकलं, कारण कुणी त्याला अडवलंच नाही. म्हणजे एक गोष्ट त्याला कुणी दाखवलेली नाही.

मी मोठ्याने म्हटलं — नाही.

खोपटीतला आवाज मध्येच तुटला. केइताचं बोट स्वतःच्या स्वेटरच्या बटणाकडे गेलं.

मी रांगत आत शिरले. बाहेर ये बाई, वेड लागलं का, नायरी ओरडली. मी म्हटलं, पाड. मी आत असतानाच पाड.

आत
वही गुडघ्यावर. लिहीत राहिले की ते माझ्या हाताकडे बघतं, तिच्याकडे नाही.

माझ्यासारखंच बसलंय. मान तशीच कलती —

नायरी ओंडके ओढते आहे. शिव्या देत. छान.

त्या बसायच्या बुटक्या वस्तूला काय म्हणतात — गेलं. जाऊ दे.

नॅन बाहेरून ओरडते आहे — लावलं गं, एक लावलं पोरीने!

ते माझ्या आवाजात विचारतं, खेळू दे ना, मोडता कशाला घालतेस —

नाही.

केइता हसली. बाहेर. तीच. पोरगी तुला मिळणार नाही.

माझं नाव ब्र — ते घे, हवं तर. हा शब्द मी सोडणार नाही. तुझ्यासमोर बसून तुला थांबायला शिकवणार. बघ नीट. नाही. नाही. ना