वेड्याने भाकर कोणत्या हाताने दिली?

मु. नागभीड
८ डिसेंबर १९५४

वडीलबंधूसमान देवाजीभाऊंस,

नथ्थूचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आणि तुमच्या बैलाचा खांदा, दोन्हींना आता उतार पडला असेल. (बैलाला आंबेहळद लावावी. उरली तर तुम्हीही लावावी.)

तुमची बहीण वच्छला रुसून तुमच्याकडे वरोऱ्याला आली त्याला बारा दिवस झाले. भांडणाचं कारण तिने सांगितलं नसेल, कारण ते सांगण्यासारखं नाही. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तिला तंबूतला सिनेमा येतो, त्यातलं ते वेड्याचं हसवणुकीचं चित्र आम्ही लग्नापासून दरवर्षी पाहतो. मी पडद्यासमोर पुरुषांत, ती पडद्यामागे बायकांत. वेडा चिखलात पडतो, गाढवावर उलटा बसतो, आणि आम्ही आपापल्या बाजूला पोट धरून हसतो. पण शेवटी, स्वतः उपाशी असताना, ज्याने त्याचे जोडे चोरले त्याच्याच हातावर तो आपली एकुलती एक भाकर ठेवतो, तिथे माझे हात जोडले जातात. पडद्यामागे तिचेही जुळतात हे पहिल्याच वर्षी कळलं, तेव्हा ही बायको मला देवानेच दिली असं वाटलं होतं. यंदा घरी येताना ती म्हणाली, "त्यानं डाव्या हातानं देल्ली." मी म्हटलं, "देव डाव्या हातानं देत नाई. तुले झोप लागली असन." ती म्हणाली, "तुमी देव पाहाले गेलते का हात?" मग मी आवाज चढवला.

काल शहानिशा करायला मी बायकांच्या बाजूला शिरलो. (तंबूवाल्या नवाबभाईंची परवानगी होती, बायकांची नव्हती.) एका म्हातारीने छत्रीचे दोन तडाखे दिले. मी म्हटलं, "माय, माह्या बायकोचं खरं होतं का, तेवढंच पाहून राह्यलो." तेव्हा तिनेच सरकून जागा दिली. भाऊ, मागून पडद्यावरचं सगळं उलटं दिसतं, उजवं ते डावं. वेड्याने डाव्या हातानेच भाकर दिली. मला तिथेच रडू आलं. इतकी वर्षं तिला डावाच हात दिसत होता, तरी ती हात जोडत होती. मला मात्र देव उजव्या हाताचाच लागत होता.

घरातल्या सगळ्यांस यथायोग्य.

आपला नथ्थू

ता.क. नवाबभाई माझ्यासाठी तंबू रविवारपर्यंत ठेवतात. पडद्याच्या अगदी काठाला, खांबापाशी, आम्हा दोघांना शेजारी बसू देतो म्हणाले. तिथून वेड्याचं फक्त नाक दिसतं. चालेल.

आणखी ता.क. भाऊ, तुम्हाला वाचता येत नाही आणि तुमच्या घरी आता वाचणारी एकटी वच्छलाच, हे मला ठाऊक आहे. वच्छले, इथपर्यंत मोठ्याने वाचलंस, पुढचं मनात वाच. मी चुकलो. घर खायला उठतं. ये. भाऊंनी विचारलं तर म्हण, पत्र संपलं.