बोअरचं पहिल्या नऊ दिवसांचं पाणी

३ मार्च
बोअरला पाणी लागलं. पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ आमच्या विहिरीपासून वीस पावलांवर उभा राहिला होता. पहिल्या पाण्याची ओटी जावेनं भरली. मी लांब, शेवग्याखाली. कुणी ये म्हटलं नाही, मीही गेले नाही.

दत्ताभावजींना विहीर बुजवून तिथं गोठा बांधायचाय. ह्यांनी पलटणीतून सुट्टीवर येऊन येऊन खोदलेली विहीर. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. सातबाऱ्यावर माझंही नाव, म्हणून दिराला मला विचारणं भाग. म्हटलं, नऊ दिवस बोअरचं पाणी मोजते. टिकलं तर बुजवा. शब्द दिला.

४ मार्च
दोनशे लिटरचं बॅरल, मोबाइलचं घड्याळ. लाइट आली तेव्हा १०० सेकंदांत भरलं. लाइट जायच्या आधी १०२. चांगलं आहे. त्याचंच वाईट वाटलं.

७ मार्च
१०१. १०३. भावजी पारावर सांगत होते, "आमच्या वैनी इंजिनेर झाल्यात."
वाचनालयातल्या मासिकात वाचलं, परदेशात खडक फोडून तेल काढतात. सुरुवातीला जोरात येतं, मग झपाट्यानं उतरतं. पहिल्या आकड्यांवर भरवसा ठेवू नये म्हणे. आमचं उतरेना.

९ मार्च
धुणं घेऊन विहिरीवर गेले. एरवी चार पायऱ्या उघड्या असतात. आज अकरा. विहिरीवरची मोटर तर आठवडाभर बंद.
बोअरच्या तोंडाशी बॅरल मोजत बसले, वीस पावलं चालून खाली वाकून पाहिलं नाही. मूर्ख बाई.

१० मार्च
बोअर सुरू करताना अकरा पायऱ्या. लाइट गेली तेव्हा तेरा. बॅरल मात्र १०२.
बोअर ह्यांच्याच विहिरीचं पाणी ओढतोय. पाण्याशेजारी नारळ उभा राहणारच. विहीर बुजवली की बोअरही...

११ मार्च
भावजींना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वैनी, आकडं तुमीच लिवलं. शब्द बी तुमीच दिला. आता पायऱ्या कशाला मोजताय?"
जाऊ त्यांना म्हणाली, हीर थोरल्या भावजींची आठवण हाय, जाऊबाईंचं मन धजत न्हाई.
म्हणजे माझं दुःख खरं, मोजमाप खोटं. सहा वर्षांत या बाईनं माझ्या दुःखाची चौकशी केली ती आज.

१२ मार्च
नववा दिवस. बोअर बंदच ठेवला. संध्याकाळपर्यंत विहीर एक पायरी चढली. भावजींना नेऊन दाखवली. "झऱ्याची हीर हाय. उपसली न्हाई तर चढणारच." तेही खोटं म्हणता येत नाही. खात्रीला अजून दोन दिवस हवेत. जेसीबी उद्या आठला येणार.

सांगून टाकलं, शब्द मोडला म्हणा, सकाळी मी खालच्या पायरीवर बसलेली असेन. भावजींनी जेसीबीवाल्याला लावायला फोन काढला. हातात धरून उभे राहिले, मग तसाच खिशात ठेवला.