चर्चच्या विक्रीतला दिवा

क्रिस्टा,

मी चर्चमध्ये कॉफी द्यायला जातेय. खिमा-बटाट्याचा हॉटडिश ओव्हनमध्ये आहे, पाच वाजता बाहेर काढ. टेबलावरच्या दिव्याला हात लावू नकोस, रंग ओला आहे.

हा दिवा मी काल चर्चमधल्या जुन्या सामानाच्या विक्रीत घेतला. पितळ काळंठिक्कर, आणि शेडला ती झालर, बाई गं! झालर उपटली, शेडला जुन्या पडद्याचं कापड चिकटवलं. मग घासायला दिवा उलटा केला, तर बुडाशी कागद: 'डेल आणि क्रिस्टाला, लग्नाची भेट. आईकडून.' अक्षर माझंच.

म्हणजे विक्रीला दिलास तो तूच. तुला काय बोलू? मीच निवडलेला दिवा मलाच ओळखता आला नाही, इतका तो भयंकर होता. तरी पॉलिश पेपर मारला आणि निळ्या रंगाचे दोन हात दिले. आता बघ, कसा ऐटीत उभा आहे! डेलला यातलं काही सांगू नकोस, उगाच आपल्या सासू-सुनेच्या मध्ये पडेल.

आवडला तर ठेव. नाही आवडला तर या वेळी तोंडावर सांग. मी या घरात राहायला आल्यापासून आपण दोघी नुसत्या गोड गोड बोलतोय, आणि मला त्या झालरीपेक्षा त्याचाच जास्त वीट आलाय.

आर्डिस