निकालापर्यंत परकी

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचून आधी पोटभर रडले, मग चहा टाकला. लवादानं आपलं ऐकलं! इथल्या सरकारला परदेशी माणसाचा कारखाना असा भरपाई न देता घेता येत नाही, आणि बाबांनी तो राजीखुशीने दिला हे सरकारचं म्हणणं साफ फेटाळलं. आता फक्त रक्कम ठरायची. तू एवढी वर्षं आपल्या देशात बसून हा खटला नेटाने लढवलास. बाबा असते तर नुसता चष्मा पुसत बसले असते.

त्या राजीखुशीचा विषय निघाला की अजून माझं डोकं फिरतं. अधिकारी कुलपं घेऊन दारात उभे, आणि बाबा त्यांना म्हणतात, "कढईतला साबण अर्धाच शिजलाय. तो तसा टाकून मी हलणार नाही." एकाला ढवळायला लावलं, दुसऱ्याला आचेपाशी बसवलं. संध्याकाळी साबण साच्यांत पडला, तेव्हाच किल्ल्या दिल्या. आणि ज्याने ढवळलं त्यानेच पुढे लिहून दिलं, की मालकाने सगळं शिकवून कारखाना स्वतःहून सोपवला. काय म्हणावं या माणसाला! बाबांना म्हणतेय मी.

तू आईला घेऊन गेलास, मी बाबांपाशी राहिले, आणि ते गेल्यावरही इथेच रमले. वकीलबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, रक्कम हातात पडेपर्यंत दोघांनीही परकंच राहायचं. जो इथला नागरिक होईल त्याचा वाटा बुडाला. म्हणून दरवर्षी मी इथे राहण्याच्या परवान्यासाठी रांगेत उभी. खिडकीतला कारकून आता माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. शाळेत मुलांची मी बाई, भाजीवाली हक्काने उधार देते, आणि कागदावर मात्र पाहुणी. पण बाबांसाठी होतं, म्हणून कधी कुरकुर केली नाही.

आता पुढचं वाच, आणि लगेच भडकू नकोस. शाळेतली एक मुलगी माझ्याकडे राहते, असं उडत उडत लिहिलं होतं मी. आईवडील नाहीत, मावशी होती तीही गेली. गणितात ढ, दुधाला नाक मुरडते, आणि झोपेत माझी बाही मुठीत धरून ठेवते. जीव जडलाय रे माझा. पण परक्या बाईला इथे मूल दत्तक मिळत नाही. सुट्टी संपली की तिला लांबच्या अनाथाश्रमात पाठवणार होते. रक्कम ठरायला अजून एक-दोन वर्षं सहज जातील. तेवढी ती कुठली थांबायला!

काल मी इथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली. माझा वाटा बुडाला, दादा. तुझा शाबूत आहे, वकीलबाईंना आधी विचारून घेतलं. बाबांच्या कष्टाचा अर्धा भाग सोडला याचं वाईट वाटतं, खूप वाटतं, पण पश्चात्ताप नाही. पुढच्या महिन्यात दत्तकाची सुनावणी आहे. तुमचं काही बरंवाईट झालं तर मुलीला कोण, असं न्यायाधीश विचारणार. तुला न विचारता मी तुझंच नाव दिलंय. रागावला असशील तरी ये, इथे येऊन भांड. मामा खरंच येणार का, म्हणून ती रोज विचारते, आणि मी हो म्हणून बसले आहे.

तुझीच,
भांडकुदळ धाकटी