बठ्ठं मीच लिखेल शे

धुळे, शुक्रवार

प्रमिला मॅडम,

शिरपूरच्या शाळेत मी अहिराणीत बोलले की तुम्ही मला थांबवायच्या आणि तेच शुद्ध मराठीत लिहून आणायला सांगायच्या. त्या सवयीनं लिहिलेला माझा निबंध एआयचा आहे, असा कॉलेजला संशय आहे.

नव्या नियमाप्रमाणे आज समितीनं माझी तोंडी घेतली. तिघं एकदम विचारू लागले. मी घाबरले आणि 'सगळं मीच लिहिलंय' हे घरच्याच भाषेत तोंडातून आलं.

"सर, बठ्ठं मीच लिखेल शे."

एक सर हसले. "ऐका! असं बोलणारी ही म्हणे तो निबंध लिहिते."

उद्यापर्यंत कबुली दिली तर निबंध पुन्हा लिहायला मिळेल, नाहीतर विषयात नापास.

तुम्ही येऊन माझं लिहिणं ओळखावं, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. आता वाचून पाहिलं. हेही त्या निबंधासारखंच आहे. समितीच्या हाती पडलं तर तेही एआयचंच ठरेल.

म्हणून पाठवत नाही. उद्या कबुलीसाठी समितीवाले कोरा कागद पुढे करतील. त्यावर, त्यांच्या डोळ्यांसमोर, मी हेच पत्र पुन्हा लिहीन.

तुम्हीच लिहायला बसवलेली,
कामिनी