उजवीकडची खुर्ची

९ मार्च, दुपार

ती. वन्संना,

नमस्कार. तुमची दोन्ही पत्रं पोचली. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नका. रागवायचंच असेल तर फोन करून रागवा, म्हणजे तुमचा आवाज तरी ऐकायला मिळेल.

तुमच्या बंधुराजांचे टाके सुकलेत, भूक चांगली आहे आणि चिडणं जुनंच आहे. डोक्यातली गाठ काढता आली तेवढी काढली, उरलेली औषधांनी आटोक्यात ठेवायची, असं डॉक्टर म्हणतात. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. राहिलेलं आता सांगते, कारण मला स्वतःलाच त्याचं भारी कुतूहल वाटतं.

ह्यांना डावी बाजूच नाही. म्हणजे आहे, पण ह्यांच्या खिजगणतीत नाही. ऑपरेशनच्या आधीच सुरू झालं होतं ते. दातांच्या डॉक्टरांचा बोर्ड रंगवायला घेतला होता. ‘दवाखाना’ पेन्सिलनं नीट आखलेलं, आणि रंग भरला नुसत्या ‘खाना’त. डॉक्टर बोर्ड न्यायला आले ते बघतच राहिले. “पेंटर, मी काय हॉटेल काढलंय?” हे म्हणाले, “झालाय की पूर्ण!” आम्ही पोट धरधरून हसलो. कुणाला काय माहीत, वन्सं.

आता दाढीही अर्धीच करतात. ताटातलं उजवीकडचं संपवतात आणि “एवढंसंच वाढलंस?” म्हणून कुरकुरतात. मी मुकाट्यानं ताट फिरवते. “हां, आता कसं!” म्हणून पुन्हा जेवायला लागतात. मला अगदी जादूगार झाल्यासारखं वाटतं.

हॉस्पिटलात दर बुधवारी पेशंटच्या घरच्यांची बैठक असते. ह्यांना व्यायामाच्या खोलीत सोडून मी तिथे जाते. मला वाटलं होतं, गोळ्यांच्या वेळा समजावतील. पण सिस्टरनी पहिल्याच दिवशी विचारलं, “तुम्ही शांतपणे बसून कधी जेवलात?” सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. एक निवृत्त बसड्रायव्हर येतात, त्यांच्या बायकोलाही अशीच गाठ आहे. ते म्हणाले, “सिस्टर, पेशंटचं काहीतरी विचारा. त्याची उत्तरं पाठ आहेत.”

मी मात्र प्रश्न विचारून सिस्टरना भंडावून सोडलं. डावीकडचं दिसत नाही म्हणजे नक्की काय होतं? त्या म्हणाल्या, “डोळे शाबूत आहेत. मेंदू त्या बाजूची हजेरीच घेत नाही.” मग तिकडून आवाज आला तर? “कधी कधी तो उजवीकडून आल्यासारखा वाटतो.” हे काही मला पटलं नाही. त्यांनी सांगितलं, डावीकडे बसा, हाक मारा, हात धरा, म्हणजे हळूहळू ते वळायला शिकतील.

मी डावीकडेच बसते. पण हाक मारत नाही.

कसं सांगू? घरात तेवढी एकच जागा आहे जिथे मला कुणी बघत नाही. तिथे मी पाय वर घेऊन बसते, कपाळाला आठ्या घालते. आणि रडते. माणूस हाताच्या अंतरावर बसलेला असतो आणि मला त्याची आठवण येत असते. हे कुणाशी बोलायचं?

परवा संध्याकाळी हुंदका जरा मोठ्यानं आला. ह्यांनी मान वळवली, उजवीकडे. तिथे रिकामी खुर्ची होती. “रडू नकोस गं,” खुर्चीचा हात थोपटत म्हणाले, “मी आहे ना.” खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं, अरे, सिस्टर म्हणाल्या तसंच झालं! उठून त्या खुर्चीत जाऊन बसायला हवं होतं मी. पण मी डावीकडेच बसून राहिले. हे बराच वेळ रिकाम्या खुर्चीची समजूत काढत होते.

काल बैठकीत हे सांगितलं. ड्रायव्हरकाकांनी विचारलं, “घरचं दुसरं कुणी नाही?”

“नणंद आहे. येऊ का, येऊ का म्हणतात. मीच नको म्हणते.”

“का बरं?”

“त्यांना भाऊ असा बघवणार नाही.”

“आणि तुम्हाला बघवतो?”

सिस्टरनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि कुणीही घाई केली नाही.

वन्सं, आजवर ‘कशाला उगाच त्रास’ म्हणत आले, ते सगळं खोटं होतं. मी थकले आहे. मला भीती वाटते. तुम्ही या, आणि परतीचं ठरवून येऊ नका. भावाला बघायला पुष्कळ जण येतात, फळं ठेवून जातात. तुम्ही मला बघायला या.

तुमची,
वहिनी