चार फुटी चौकट आणि वीतभर जागा

आदरणीय भावजी,

नमस्कार. घरी मंडळींनाही सांगा. आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे मी बरी आहे आणि हे माझ्यामुळे बरे आहेत. तुमचे गुडघे वाकतात का, दम लागतो का, दात किती उरले, हे सगळं विचारायचं आहे; पण एकतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही आणि आज एकदम विचारलं तर तुम्हाला वाटेल, बाईचं काहीतरी काम आहे. काम काही नाही. सहज लिहितेय. (माझी शाळा चौथीत सुटली हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नका. तुमचं तरी कुठे शुद्ध होतं? कारखान्याच्या फळ्यावर तुम्ही सामन्याची सूचना लिहिली की लोक आधी हसायचे आणि मग वाचायचे.)

दोन महिन्यांपूर्वी ह्यांच्या छातीत दुखलं. आठ दिवस दवाखान्यात होते. तुम्हाला कळवलं नाही, कारण कळवायचं नाही असं ह्यांनी बजावलं होतं आणि नाकात नळी घातलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. घरी आले. आता माणूस गोळ्यांच्या वेळा विचारेल, पथ्य विचारेल, की नाही? ह्यांनी मला कॉटखालची ट्रंक ओढायला लावली आणि तळातून शर्ट काढला. तोच, गोलकीपरचा, पाठीवर एक नंबरचा, शेवटच्या सामन्यातला. तेव्हा पिवळाधमक होता, आता जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाचा झालाय. म्हणे, ह्याला फ्रेम करून भिंतीवर लावायचा. मी म्हटलं, तुम्हीच फ्रेममध्ये जाता जाता वाचलात, आता शर्टाची कसली घाई? पण नात ह्यांच्या बाजूची. ती शाळेच्या टीममध्ये फुटबॉल खेळते, दोन्ही गुडघे कायम सोललेले. दोघांपुढे माझं चालेना.

मग आम्ही फ्रेमवाल्याकडे गेलो. माणूस मोठा सभ्य, आवाज इतका हळू की आपणच काहीतरी चोरून आणलंय असं वाटावं. त्याने शर्ट दोन्ही हातांवर घेतला, चेहरा पाडला आणि मला विचारलं, "केव्हा गेले?" हे माझ्या शेजारीच उभे. म्हणाले, "मीच तो." बिचाऱ्याच्या हातातून टेप सुटून पार टेबलाखाली गेला. मी म्हटलं, तुमची काही चूक नाही, हे तीस वर्षं रोज सकाळी 'आता मी जातो' म्हणून धमकी देतात, जात मात्र भाजी आणायलासुद्धा नाहीत.

त्यानंतर त्याने लाकडाचे नमुने काढले. तुम्हाला सांगते भावजी, जोडीदार निवडायला मला एवढा वेळ मिळाला नव्हता. सोनेरी वेलबुट्टीची पट्टी शर्टाला लावून बघितली तर शर्ट नवरदेवासारखा दिसायला लागला, आणि तोही तिसऱ्यांदा लग्नाला उभा राहिलेला. काळी लावली तर फ्रेमवाल्याचा पहिला प्रश्नच खरा वाटायला लागला. चंदेरी लावली तर दवाखान्याची आठवण आली. शेवटी साधी तपकिरी लाकडाची ठरली, पण पेटीसारखी खोल, कारण कापड काचेला टेकलं की घाम धरतं आणि डाग पडतात असं तो म्हणाला. गोंदही लावायचा नाही, कापड खातो. मागच्या पुठ्ठ्याला बारीक टाक्यांनीच शिवायचं. टाके मी घालीन म्हटलं. (गोंद कापडाला खातो, तशी शिंपीण गिऱ्हाइकाला खाते, हा तुमचा जुना विनोद मी विसरलेले नाही.)

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्याने शर्ट टेबलावर पालथा घातला, बाह्या मागे दुमडल्या, दोन्ही बगला आत घेतल्या, दुकानात नव्या शर्टाची घडी असते तशी, आणि म्हणाला, हा बघा, दोन फुटांत छान बसतो. ह्यांनी घडी विस्कटली. "बाह्या मोडायच्या नाहीत. गोलकीपरचे हात मिटलेले कधी पाहिलेत?" आणि हा पंचाहत्तरीचा माणूस, डॉक्टरांनी वजन उचलू नका, हात वर करू नका म्हणून सांगितलेला, दुकानाच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. उजव्या हाताने एका कुटुंबाचा ग्रुप फोटो पाडला. फ्रेमवाल्याने मुकाट्याने माप घेतलं. चार फूट. मी म्हटलं, अहो, एवढ्यात आमचं जेवायचं टेबल मावेल. हे बोलले नाहीत. तुम्हाला माहीत आहे ते गप्प कसे बसतात, एकतीस वर्षांचा अनुभव आहे तुम्हाला.

पुढच्या आठवड्यात चौकट घेऊन तो आला. काच नंतर बसवणार होता, ते एक बरं, कारण आमच्या जिन्याच्या वळणावर चौकट अशी अडकली की वर जाईना की खाली जाईना. फ्रेमवाला चौकटीच्या आत उभा, त्याच हळू आवाजात काहीतरी म्हणतोय, आणि हे वरून "डावीकडे, डावीकडे" म्हणून ओरडतायत, जणू अजून मैदानावरच आहेत. वरच्या मजल्यावरच्या बाई कामावर निघाल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मग पर्स खांद्याला लावली, साडी किंचित वर धरली आणि चौकटीतून एक एक पाय टाकून, "येते हं आजी" म्हणत निघून गेल्या. अशी बाई मी आयुष्यात पाहिली नाही. शेवटी जिन्याचा कठडा सोडवून चौकट वर आणली. कठडा अजून दोरीने बांधलेला आहे. तुम्ही कधी आलात तर त्याला धरू नका.

आता भिंत. चार फूट मोकळी भिंत आमच्या घरात एकच, तीही कपाटामागे. कपाट सरकवलं. ते सरकलं ते स्वयंपाकघराच्या दिव्याच्या बटणासमोर येऊन बसलं. तेव्हापासून दिवा लावायचा म्हणजे मी कपाटामागे हात घालून चाचपते, तुंबलेल्या गटारात पडलेली किल्ली शोधावी तशी. हे सगळं कशासाठी, तर बाह्या मोडायच्या नाहीत म्हणून. माझ्या तोंडात काय काय आलं ते चौथी शिकलेल्या बाईने लिहू नये.

मग परवा दुपारी मी पुठ्ठ्यावर शर्ट पालथा पसरला आणि टाके घालायला बसले. नात शेजारी. पाठीवर मधोमध एक नंबर आणि भोवती सगळ्यांच्या सह्या. खरं सांगते, एकतीस वर्षं मला त्या पेनात शाई आहे का बघायला गिरगटल्यासारख्याच दिसायच्या. नात म्हणाली, "आजी, ही टीम उभी आहे." आणि बोट ठेवून दाखवायला लागली. तेव्हा मला तुमच्या टीमची रीत आठवली. ज्याचा शेवटचा सामना असेल त्याच्या शर्टावर सगळ्यांनी सही करायची, पण मिळेल तिथे नाही, मैदानात जो जिथे उभा राहतो तिथेच. खांद्यांजवळ पुढे धावणारे, कँटीनवाला आणि तो लाल केसांचा. नंबराच्या दोन बाजूंना मधले, कारखान्याचा हजेरीवाला टाइमकीपर सगळ्यांत ठळक, कारण त्याला सही करायची सवय. खाली राखणारे. उजवीकडे एक, मध्ये दोन. आणि डावीकडे, बगलेच्या खाली, वीतभर कापड कोरं.

नातीने विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे लेफ्ट बॅक नव्हता?" हे खुर्चीत पेपर वाचत होते. म्हणाले, "नव्हता." पान उलटलं. मग बऱ्याच वेळाने पेपरामागूनच म्हणाले, "होता. वेल्डर होता."

मी सुई खाली ठेवली. बगल आत दुमडली असती तर ती जागा घडीत गेली असती, भावजी. दोन फुटांत बसलं असतं सगळं. बाह्यांचं नुसतं निमित्त होतं.

आता तुम्हाला एक सांगते, कारण एवढ्या वर्षांत कोणी मला विचारलंच नाही. त्या सामन्याला मी कडेच्या बाकावर होते, गोलच्या अगदी जवळ. तुम्ही मागे न बघता बॉल मागे दिला. त्या वेळी हे वाकून डाव्या पायातला मोजा वर ओढत होते. बॉल ह्यांच्या शेजारून आत गेला, पळतसुद्धा नव्हता, एखादा पाहुणा चप्पल काढून घरात यावा तसा गेला. हे म्हणतात वेल्डरने न बघता दिला. तुम्ही म्हणत असाल गोलकीपरचं लक्ष नव्हतं. दोघंही खरं बोलता आणि त्याचसाठी दोघं एकमेकांशी बोलत नाही. तुम्ही पिशवी खांद्याला लावून मागच्या फाटकाने गेलात, आत सह्या चालू होत्या, आणि मी बाहेर दोघांचे डबे घेऊन उभी. तुमचा डबा अजून माझ्याकडे आहे. झाकण घट्ट बसत नाही, पण तेव्हाही बसत नव्हतं.

शर्टावरच्या नऊ जणांपैकी आता चारच उरलेत. हे मी रडायला म्हणून लिहीत नाही, मोजायला येतं एवढंच दाखवतेय.

बाकी सगळं ठीक. तब्येतीला जपा, आणि जपत नसाल तर निदान जपतो असं घरी सांगा.

तुमची,
पूर्वीची आणि आताचीही,
वहिनी

ता. क. काही काम नाही असं वर लिहिलं ते खोटं आहे. येत्या रविवारी सकाळी अकराला फ्रेमवाला काच बसवायला येतोय. सगळीकडे टाके घालून झालेत, डावीकडची खालची बाजू तेवढी मोकळी ठेवली आहे, आत पुठ्ठा सरकवून लिहिता यावं म्हणून. तुम्ही दहाला या. कापडावर लिहायचं पेन मी आणून ठेवलंय. माफी मागू नका आणि ह्यांच्याकडून मागून घेऊ नका, ह्यांच्या छातीला झटका चालत नाही आणि माझ्या कानांना भाषण चालत नाही. सही करा, चहा घ्या, डबा घेऊन जा. बॉलचा विषय निघाला तर दोघांनाही जिन्यात बसवीन. नाही आलात तर काच बसेल आणि ती कोरी जागा मला रोज सकाळी बघावी लागेल, आणि अंधारात, कारण दिव्याचं बटण सापडत नाही.

ता. क. २. त्या आठवड्यात ह्यांनी मला दोनदा सांगितलं होतं की डाव्या मोज्याचं इलॅस्टिक गेलंय, नवीन घाल. मी लोकांचे कपडे शिवत बसले आणि ते राहिलं. ह्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मला आजपर्यंत एका शब्दाने बोलले नाहीत. जे काय बोलायचं ते तुम्हाला बोलले. तेव्हा तुमच्या वाट्याला आलं त्यातलं बरंचसं माझं होतं, हे तुम्हाला कळलेलं बरं. ह्यावर परत पत्र लिहू नका.

ता. क. ३. पत्ता लिहायचा तर माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही, म्हणून घरातल्या सगळ्या पाकिटांवर पत्ते हेच लिहितात. पाकीट ह्यांच्यापुढे ठेवलं आणि तुमचं नाव सांगितलं. वाटलं, फाडतील. म्हणाले, "मला कुठे माहीत आहे त्याचा पत्ता?" आणि लिहायला लागले. तुम्ही जुनं घर सोडलंत हे मला आत्ता पाकिटावरूनच कळलं. चष्मा न लावता पाकीट फाडायची तुमची सवय मला माहीत आहे, तेव्हा ते कचऱ्यात टाकलं असेल तर काढा आणि बघा. तिसरा मजला, डावीकडचं दार, असं लिहिलंय. 'डावीकडचं'खाली रेघ मारली आहे.